आडवी फळी

१

भिंतीला कान असतात असं म्हणतात. मिस्त्रीला कानांचं फारसं कौतुक नव्हतं. त्याच्या धंद्यात भिंतीच्या अंगात जोर लागतो, आणि पार्टिशनच्या भिंतीत नेमका तोच नसतो.

दिसायला ती चारचौघींसारखी भिंत. आत मात्र लाकडाचे उभे खांब, त्यांच्या दोन्ही बाजूंना बोर्ड आणि मधे नुसती पोकळी. तिच्यावर फार तर कॅलेंडर टांगावं. बेसिन टांगायचं तर बोर्ड लावण्याआधी दोन खांबांच्या मधे एक जाड आडवी फळी पक्की करावी लागते. मग बोर्ड, मग टाइल, आणि शेवटी बेसिनचे लांब स्क्रू थेट त्या फळीत. फळी टाकायची राहिली तर स्क्रूंना धरायला काही उरत नाही. मग एके दिवशी कोणीतरी टेकतं आणि बेसिन बोर्डाच्या तुकड्यासकट पायावर येतं.

मिस्त्रीचं आयुष्य अशी बेसिनं टांगण्यात गेलं, आणि त्यातली बहुतेक वर्षं बायको त्याच्याबरोबर कामावर असायची. ड्रिल लावलं की पार्टिशन नाचतं आणि नाचलं की टाइल तडकते. म्हणून ती पलीकडच्या खोलीत जाऊन दोन्ही तळवे भिंतीला दाबून उभी राहायची.

“धरलंय का गं?” तो अलीकडून ओरडायचा.

“धरलंय. चालवा तुम्ही.”

घरमालक हसायचे. मिस्त्री भिंतीला टेकू द्यायला बायको आणतो, म्हणायचे. ती त्यांच्याहून मोठ्यानं हसायची. “काय करणार, यांना भिंतसुद्धा एकट्यानं सांभाळता येत नाही.”

तिचं आणखी एक काम होतं. त्यानं बोर्ड उचलला की ती विचारायचीच, “फळी टाकली का?” दर वेळी. मिस्त्री करवादायचा, “टाकली गं बाई! आज शिकतोय का मी हे?” खरं तर कितीदा तरी तिनं विचारल्यावरच त्याला आठवायचं. पण तसं कबूल करेल तो नवरा कसला.

ती गेली त्याला वर्ष व्हायला आलं होतं. मिस्त्री कामाला जात होता, वेळेवर जेवत होता, सुनेशी दोन शब्द गोड बोलत होता. लोक म्हणत, सावरला बिचारा. फक्त ड्रिल हातात घेतलं की त्याच्या तोंडून अजून “धरलंय का” निघायचं, आणि मग तो उगाच घसा खाकरायचा.

२

ड्रायव्हरकाकांनी जन्मभर ट्रक चालवला होता. अंगानं इतके आडवे, की दारातून आत येताना दाराचीच काळजी वाटावी. पण झटका आला आणि त्यांचं डावं अंग रुसलं ते रुसलंच. बाथरूमपर्यंत जाताना ते पडले, पुन्हा पडले. आता पडले तर हाड सांधणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची लेक, मिस्त्रीच्या तोंडी ताई. ती घरीच शिलाईचं काम करायची. तिनं आपल्या शिवणाच्या खोलीचा कोपरा पार्टिशन घालून तोडला आणि तिथे वडिलांसाठी हाताशी लागेल असं बाथरूम करून घेतलं.

सुतारानं सांगाडा उभा केला. मिस्त्रीनं पाइप टाकून बोर्ड लावला. टाइलवाला टाइल लावून गेला. आता बेसिन टांगायचं होतं, आणि त्याच्या शेजारी काकांना धरून उठायला स्टीलचा दांडा.

त्या सकाळी ताई औषधं आणायला गेल्या होत्या. काका बाहेरच्या खोलीत झोपले होते, त्यांचं घोरणं चढावर लागलेल्या ट्रकसारखं येत होतं. मिस्त्रीनं खुणा केल्या, ड्रिल टेकवलं, आणि सवयीनं म्हणाला, “धरलंय का?”

घसा खाकरून त्यानं बटण दाबलं.

भिंत नाचली नाही.

ती जराही हलली नाही, तसा मिस्त्री सुतारावर खूश झाला. ड्रिल टाइलमधून गेलं, बोर्डातून गेलं, आणि पुढे कशात तरी घट्ट, हळूहळू शिरलं. लाकडात शिरलं की भोकातून पिवळसर भुसा गळतो. इथे बोर्डाची पांढरी पूड गळाली आणि मग काहीच गळालं नाही. त्यानं ड्रिल बाहेर काढून टोक पाहिलं. ते स्वच्छ होतं, जरा ओलसर. लाकूड ओलं असणार, तो मनाशी म्हणाला.

स्क्रू जड गेले. शेवटचा आवळताना कोणीतरी दातांतून श्वास आत ओढावा तसा आवाज आला. पाइपात हवा असेल. मिस्त्रीनं दांडा दोन्ही हातांनी धरून, पाय उचलून त्यावर स्वतःला लोंबकळवलं. काम पुरं झालं की तो हे करायचाच. दांडा तसूभर हलला नाही.

ताई आल्या तेव्हा तो हत्यारं गोळा करत होता.

“ताई, पलीकडे कोणी होतं का हो आत्ता? तुमच्या खोलीत?”

“कोण असणार? खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. का हो?”

“काही नाही. सहज.”

३

“बाबा, गॅलरीतल्या गोणीतलं हे लाकूड टाकून देऊ का?” सुनेनं विचारलं.

तिच्या हातात फळी होती. जाड, दोन्ही टोकं नीट कापलेली, मधोमध त्याच्याच पेन्सिलची रेघ.

मिस्त्रीनं ती तिच्या हातातून घेतली. कुठल्या दोन खांबांच्या मापाची ती फळी होती, हे त्याला टेप न लावता कळलं. त्या दिवशी त्यानं ती कापली होती, भिंतीला टेकवून ठेवली होती आणि मग पाइपाच्या नादात बोर्ड उचलला होता. बोर्ड उचलला, आणि कोणी काही विचारलं नाही. संध्याकाळी उरलेल्या तुकड्यांबरोबर फळीही गोणीत आली.

त्यानं सुताराला फोन लावला. “त्या भिंतीत तू आडवं काही टाकलंस का रे?”

“मी कशाला टाकू? ते तुझं काम. का, विसरलास की काय?” सुतार हसला.

“छे,” मिस्त्री म्हणाला. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ आपल्या पंजांकडे बघत बसला. फळी नव्हती, तर ड्रिल पोकळीत धपकन जायला हवं होतं. स्क्रू गरागरा फिरायला हवे होते. तो स्वतः लोंबकळला होता त्या दांड्याला.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं फळी गोणीत घातली आणि काकांच्या घरी गेला. रस्ताभर त्याच्या डोळ्यांपुढे फुटलेलं बेसिन आणि खाली पडलेले काका येत होते.

काका खुर्चीत बसून चहा पीत होते. दाढी केलेली, केस ओले.

“ये मिस्त्री! पहिल्यांदा कुणाचा हात न धरता उठलो बघ. पोरीला म्हटलं, जा, तू तुझं मशीन चालव. काय भिंत केलीस रे!”

ताई दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर अशी झोप पुरी झाल्याची टवटवी होती, की मिस्त्रीला गोणीतली फळी बाहेर काढवेना.

“जरा तपासतो,” एवढंच तो म्हणाला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

त्यानं बोटाच्या पेरानं टाइल वाजवल्या. खांबावर भरीव आवाज. खांबाच्या पुढे पोकळ. पोकळ, पोकळ, आणि मग बेसिनच्या मागे पुन्हा भरीव. तो ठिकठिकाणी वाजवत गेला. फळी असती तर तो आवाज या खांबापासून त्या खांबापर्यंत एकसारखा आला असता. इथे तो दोनच जागी येत होता, शेजारी शेजारी. तळव्याएवढ्या दोन जागा, आणि त्यांच्या मधे पोकळ.

त्यानं तिथे हात ठेवला. टाइल ऊबदार होती. गरम पाण्याचा पाइप, असं म्हणून तो सुटकेचा श्वास सोडणार तेवढ्यात त्याला आठवलं, गीझर अजून जोडायचाच होता.

शहाण्या माणसानं तिथून पळ काढला असता. मिस्त्रीनं दुसराही हात टेकवला, कपाळ टेकवलं, आणि त्याला वर्षभरात वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं.

“धरलंय का गं?” तो हलकेच म्हणाला.

उत्तर आलं नाही. पण टाइल त्याच्या तळव्याला किंचित रेटल्यासारखी वाटली. पलीकडे ताईंचं मशीन खडखडत होतं. त्याचाच हादरा असणार. असणारच.

५

फळी गोणीतच राहिली. मिस्त्री मात्र रोज येऊ लागला.

एक दिवस बेसिनच्या कडेच्या फटीत सिलिकॉन भरायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी नळ ठिबकतोय का ते बघायचं होतं. नंतर गीझर जोडला, मग जोडलेला गीझर तपासला. काका झोपले की तो बाथरूममध्ये बादली पालथी घालून बसायचा आणि भिंतीला हात लावून बोलायचा. नातवाला दात आला. सून तुझ्या डब्यात तुझ्यासारखंच पीठ भरून ठेवते. तुझी चप्पल अजून दाराशीच आहे, कोणी हलवली की मी ओरडतो. बाहेर वर्षभर न आलेलं रडू त्याला इथे सहज यायचं, आणि त्याची लाजही वाटायची नाही.

त्याला कळत होतं. तो काही खुळा नव्हता. भिंतीत पोकळी असते आणि पोकळीत माणूस मावत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? रोज घरी जाताना तो स्वतःला बजावायचा, उद्या बोर्ड उघडायचा, फळी टाकायची, मोकळं व्हायचं. आणि उघडलं की ती तिथे नसेल, हेही त्याला ठाऊक होतं. फळी बसली की तिचं तिथे काम काय? मग उद्याचं परवावर जायचं.

“मिस्त्री, अजून काय राहिलंय हो?” ताईंनी शेवटी विचारलं. “बाबा म्हणतात, तुम्ही आत कुणाशी तरी बोलता.”

“एकटं काम करायची सवय नाही ना ताई. तोंड चालू राहतं.”

ताई स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी त्याच्यासाठी चहा टाकला.

६

“तुझी भिंत दमली रे,” काका एका सकाळी म्हणाले.

मिस्त्री जागच्या जागी थांबला. “म्हणजे?”

“दांडा धरला की आत थरथर होते. बारीक. लांबच्या चढावर इंजिन थरथरतं तशी.”

मिस्त्री आत गेला. हात लावला. थरथर होती.

ती त्याच्या ओळखीची होती. शेवटच्या वर्षात आजारानं बायकोचे हात कापायचे, तरी ती यायची. पलीकडून तळवे दाबायची आणि तो कंप भिंतीतून त्याच्या ड्रिलपर्यंत पोचायचा. “दमलीस का?” विचारलं तर म्हणायची, “मी कशाला दमू? चालवा तुम्ही.” दमले म्हणणं तिच्या स्वभावातच नव्हतं. मग मिस्त्रीच हात चालवून काम लवकर उरकायचा.

आता त्यानं काय उरकलं होतं? बेसिनचं वजन, दांड्याचं वजन, आणि दिवसातून कितीदा तरी ट्रकवाल्या काकांचं वजन. हे सगळं तिच्यावर टाकून तो तिला नातवाच्या दाताच्या गोष्टी सांगत बसला होता. स्वतःचीच त्याला किळस आली. तरीही तो मनात म्हणाला, फक्त आजचा दिवस. आज बोलून घेतो, उद्या उघडतो.

तेवढ्यात काकांना आत यायचं होतं, म्हणून तो बाहेर सरला.

आतून कर्रकन आवाज आला. दार उघडंच होतं. मिस्त्रीनं पाहिलं, दांडा भिंतीतून बोटभर बाहेर आला होता, बेसिन पुढे झुकलं होतं आणि काकांचा सगळा भार त्यावर होता. तो धावला. पण त्याच्या आधीच दांडा थरथरत, इंचाइंचानं मागे ओढला गेला आणि टाइलला जाऊन भिडला. काका उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

“आत कोण आहे रे?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

मिस्त्रीनं त्यांना धरून खुर्चीत नेऊन बसवलं. मग त्यानं गोणीतून फळी बाहेर काढली.

“ताई, माझी एक चूक झालीये. तुमच्या खोलीतून भिंत उघडावी लागेल. आत्ताच.”

७

टाइल फोडायला नको म्हणून त्यानं ताईंच्या बाजूचा बोर्ड कापला. मशीन बाजूला सारलं, कापडं झाकली, आणि बेसिनच्या उंचीवर खिडकीएवढा चौकोन करवतीनं कापून काढला. ताई तिकडे बाथरूममध्ये होत्या. बेसिनखाली स्टूल लावलं होतं, पण बेसिन पुढे कलंडू नये म्हणून त्यांनी छातीशी धरून ठेवलं होतं.

चौकोन निघाला तशी आतून ऊब बाहेर आली. एरवी अशा पोकळीतून चुन्याचा आणि लाकडाचा वास येतो. आता धुतलेल्या हातांचा आला.

मिस्त्रीच्या खिशात टॉर्च होता. तो त्यानं काढला नाही. खोलीतला दिवसाचा उजेड जेवढा आत गेला तेवढ्यात त्याला समोरच्या बोर्डाची मागची बाजू दिसली. तिथे स्क्रूंची टोकं बाहेर आलेली दिसायला हवी होती. ती दिसली नाहीत. त्यांच्या जागी काहीतरी फिकट, दाबून धरलेलं होतं. तिथून एक मनगट खांबाकडे अंधारात गेलं होतं, आणि मनगटावर भाजल्याचा जुना, लांबट डाग होता. असा डाग तिला एका कामावर तापलेल्या पाइपानं पडला होता. मिस्त्रीनंच त्यावर मलम लावलं होतं.

त्यानं डोळे मिटले. पिवळा भुसा का आला नव्हता, ते त्याला आता कळलं. आपण कशात भोक पाडलं, कशात स्क्रू आवळले.

तो बाथरूममध्ये गेला. त्यानं स्क्रू काढायला घेतले. मशीननं नाही, हातानं, जखमेची पट्टी सोडवावी तसे, अगदी सावकाश. एकेक स्क्रू सुटला की भिंतीत कोणीतरी अडवून धरलेला श्वास सोडायचं. ताईंनी तो आवाज ऐकला असावा, कारण त्या भिंतीकडे न बघता खाली स्टुलाकडे बघत राहिल्या.

पुन्हा पलीकडे येऊन मिस्त्रीनं फळी उचलली. एका हातानं ती आत सरकवली आणि दुसरा हात पोकळीत खांद्यापर्यंत घालून खांबाची कड चाचपू लागला. खांब लागला नाही. बोटांना बोटं लागली.

त्यांनी त्याचा हात धरला. पकड सैल होती, दमलेली. तळव्यात, अंगठ्याच्या खाली, स्क्रूच्या जाडीचं एक भोक होतं. त्याची कड कोरडी होती. मिस्त्रीनं त्यावर आपलं बोट ठेवलं आणि तसाच गाल बोर्डाला टेकवून उभा राहिला. त्याला भीती वाटत होती. पण त्या हातापुढे भीतीचं काही चालत नव्हतं. त्याला ती हवी होती. घर, काम, नातू, सगळं त्या चौकोनाच्या अलीकडे राहिलं तरी चाललं असतं. पकड हळूहळू घट्ट होत होती. त्याचा खांदा आणखी थोडा आत गेला. डोकंही मावेल, असं त्याला वाटलं. जरा तिरकं केलं तर मावेल.

“मिस्त्री!” पलीकडून ताई ओरडल्या. “झालं का हो? माझे हात भरून आले!”

त्यानं डोकं तिरकं केलं.

“मिस्त्री, लवकर करा! सुटेल माझ्या हातून!”

ताईंचेही हात कापत असणार. स्टूल टाइलवर खरडल्याचा आवाज आला.

“अगं,” मिस्त्री भिंतीत तोंड घालून म्हणाला, “सोड आता. मी टाकतोय फळी.”

तिनं सोडलं नाही. जन्मात कधी आधी सोडलं नव्हतं तिनं. त्यालाच दुसऱ्या हातानं ती बोटं उकलावी लागली. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. अंगठा त्यानं थोडा वेळ तसाच राहू दिला. मग तोही सोडवला.

फळी खांबांच्या मधे बरोबर बसली. ठोकताना खोलीभर लाकडाचा वास सुटला. तो धावत पलीकडे गेला, ताईंच्या हातांतलं वजन आपल्या खांद्यावर घेतलं, आणि नवे स्क्रू लावले. भोकांतून पिवळा भुसा भराभरा गळाला आणि बेसिनमध्ये पडला.

८

चौकोन बंद करून, पुट्टी भरून होईपर्यंत दुपार कलली. मिस्त्रीनं भिंत वाजवून पाहिली. या खांबापासून त्या खांबापर्यंत एकच भरीव आवाज. टाइलवर हात ठेवला. गार होती. तो दांड्याला लोंबकळला, पाय उचलले. दांडा हलला नाही. हलणारही नव्हता.

काकांना मात्र आता त्याच्यावर भरवसा नव्हता. ताईंचा हात धरूनच ते आत गेले. “तू राहा इथे,” म्हणाले, पण मग मोठा माणूस लाजला आणि त्यांनी दोघांनाही बाहेर पाठवलं. दाराबाहेर ताई आणि मिस्त्री शेजारी शेजारी उभे राहिले. ताई आपली मनगटं चोळत होत्या. आत दांड्यावर काकांच्या बोटातली अंगठी वाजली, ते कण्हले, थांबले, पुन्हा कण्हले. बराच वेळ गेला. मग पाण्याचा आवाज आला आणि ते पाय ओढत बाहेर आले, धापा टाकत.

“पक्कं आहे ना, बाबा?” ताईंनी विचारलं.

“पक्कं आहे गं. पहाड आहे.” त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हरवल्यासारखं होतं, आणि काय ते त्यांनाच सांगता येत नव्हतं. “पण आज सगळं माझं मलाच उठावं लागलं रे.”

मिस्त्री हत्यारं पुसत होता. त्यानं ड्रिल गोणीत ठेवलं.

“सवय होईल, काका,” तो म्हणाला.